गरिबीची आरती आम्ही म्हणणार नाही



आपल्या बैठकीत पैशाचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. क्रांतीवर तीन तास बोलणारा गडी, वर्गणीचा हिशेब मागितला की चहा प्यायला बाहेर जातो. अंकाची किंमत मागायची लाज, पगार सांगायची लाज, आणि डोक्यावर कर्ज किती हे सांगायची तर मरणाची लाज. या लाजेला आपण भारी नाव दिलंय : निष्ठा. ज्याच्या खिशात काही नाही तो निष्ठावंत. ज्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं तो बाटला. कविता उपाशी पोटाची असली तर खरी, पगारपत्रकाची असली तर खोटी.

मला ही निष्ठा तपासून बघायची आहे. कारण 'पैसा हा हाताचा मळ' हे वाक्य मी कीर्तनात ऐकलं, शेटजीच्या सत्कारात ऐकलं, आणि आता आपल्या कार्यकर्त्याच्या तोंडी ऐकतो. तिन्हीकडे एकच वाक्य चालतं, तेव्हा काहीतरी घोटाळा आहे. मळ म्हणणाऱ्यांतल्या कितींनी हात धुतले ते बघा. शेटजीनं तर नाहीच धुतले.

माझं म्हणणं सरळ आहे. पैशाचा हा तिटकारा आपला नाही. ज्यांनी आपल्याला गरीब राहायचा हुकूम केला त्यांच्याच घरून तो उसना आलाय. आणि पैसा दिसला की माणुसकी विकणारी हाव, तीही आपली नाही. बुद्धानं आणि बाबासाहेबांनी या दोन्हींच्या मधली वाट आखून ठेवलीय. ती वाट आपल्या साहित्यात दिसत नाही, आणि चळवळीत तर नाहीच नाही.

१

आधी हुकुमाचं बघू. जगात गरीब पुष्कळ आहेत. पाऊस पडला नाही, कारखाना बंद पडला, माणूस गरीब झाला. आपली गरिबी तशी आली नाही. ती लिहून काढलेली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलंय की शूद्राची ऐपत असली तरी त्यानं धनाचा साठा करू नये, कारण शूद्राकडे धन आलं की तो ब्राह्मणाला त्रास देतो. त्याच अध्यायात चांडाळाची इस्टेटही ठरवून दिलीय : कुत्री आणि गाढवं. अंगावर मढ्याची वस्त्रं, जेवायला फुटकी भांडी, दागिना लोखंडाचा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं तेव्हा नुसतं पाण्याचं आणि शिवाशिवीचं कलम जळलं नाही. आपल्या खिशावरचं कलमसुद्धा जळलं. हे आपण फार कमी वेळा बोलतो.

कुणी म्हणेल, जुनी पोथी ती, कोण पाळत होतं? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उत्तर दिलंय. इंदूर भागातल्या बलाई लोकांना १९२८ साली सवर्ण गावांनी अटी घातल्या : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही, काम मात्र करायचं आणि देतील ते घ्यायचं. गुजरातेत झानू गावी १९३५ साली बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यानं पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानात चकवाऱ्याला एकानं तीर्थयात्रेहून येऊन आपल्या भाऊबंदांना जेवण घातलं, जेवणात तूप वाढलं. लाठ्या घेऊन शेकड्यांनी लोक आले, अन्न नासवलं, पंगत झोडपून काढली.

नीट बघा. या माणसांनी मंदिर मागितलं नव्हतं, विहीर मागितली नव्हती. स्वतःच्या पैशाचं तूप स्वतःच्या माणसांना वाढलं होतं. मार बसला तो तुपाचा. म्हणजे आपल्याकडे पैसा असणं हाच गुन्हा होता, आणि तो दिसणं हा त्याहून मोठा गुन्हा.

आपल्याकडे हेच काम वतनानं केलं. महाराला वतन आहे म्हणजे जमीन आहे, हक्क आहे, असं कागदावर. प्रत्यक्षात १८७४ च्या वतन कायद्यानं बांधलेली वेठ. सरकारचं काम, गावाचं काम, रात्रीबेरात्री हाक आली की उठायचं, आणि मोबदला म्हणजे बलुतं. शिळी भाकर, खळ्यावरचं झाडून उरलेलं धान्य. रोख मजुरी नाहीच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. कनिष्ठ वतनं मोडायचा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. रोख पैसा हातात येणं म्हणजे काय हे यातून कळतं. भाकर देणाऱ्याचं तोंड बघावं लागतं, नाण्यावर कुणाचं उपकाराचं तोंड नसतं. म्हणून आपले आजे-पणजे गाव सोडून मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत, गोदीत गेले. ते पैशाच्या हावेनं गेले नाहीत. मजुरी मोजून मिळते, ओंजळीत टाकत नाहीत, म्हणून गेले.

आणि गिरणीत तरी काय? मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याला पगार जास्त. तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. आपला माणूस कमी पगाराच्या रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मी गिरणीत धाग्यावरच राबतो, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. थुंकीलासुद्धा पगाराचा भाव होता. तेव्हा 'पैसा काय, आज आहे उद्या नाही' हे तत्त्वज्ञान मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे तो काल नव्हता, आणि का नव्हता ते आम्हाला माहीत आहे.

२

आता संतांकडे येतो. इथं काही मित्र चिडतील, पण टीका म्हणजे आरती नव्हे.

तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन, आपल्या वाट्याची बुडवली म्हणतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. ऋणको सुटले. मागची पिढी आपल्या कर्जात गेली आणि पुढची जाणार, अशा घरातल्या माणसाला तिची किंमत जास्त कळते. आणि तुकोबा पैशाला शिव्या देत बसले नाहीत. सचोटीनं कमवा, त्यात गुंतून न पडता खर्चा, असंच त्यांचं सांगणं आहे.

पण चोखोबांकडे बघा. चोखोबांकडे बुडवायला खत कुठलं? परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कूस अंगावर पडून ते गेले. तुकोबांनी धन सोडलं, चोखोबांना ते कधी धरूच दिलं नाही. कीर्तनकार मात्र दोघांना एकाच ओळीत बसवतो आणि सांगतो, बघा, दोघेही संपत्तीला तुच्छ मानत होते. ही लबाडी आहे. सोडणारा आणि लुबाडलेला, यांचं वैराग्य एक कसं होईल?

ही लबाडी बाबासाहेबांनी एका वाक्यात पकडली. मे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचं भवितव्य या विषयावर लेख लिहिला. धर्म कसा असावा याच्या चार कसोट्या त्यात आहेत. पहिल्या तिन्ही आपल्या व्याख्यानांत येतात : समाजाला नीती हवी, धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्यानं स्वातंत्र्य-समता-बंधुता मानली पाहिजे. चौथी आपण गिळून टाकतो. चौथी अशी की धर्मानं गरिबीला पवित्र ठरवू नये. ज्याच्याकडे आहे त्यानं संपत्तीचा त्याग केला तर ती चांगली अवस्था असेल, पण गरिबी ही कधीच चांगली अवस्था नसते. तिला धन्य म्हणणं म्हणजे धर्म नासवणं आणि या पृथ्वीचा नरक करायला संमती देणं, असा त्यांचा आशय आहे.

या कसोटीवर 'दरिद्रनारायण' घासून बघा. विवेकानंदांनी वापरलेला आणि गांधींनी घरोघर नेलेला हा शब्द. दरिद्री माणसात देव बघा. ऐकायला गोड. पण दरिद्र्यात देव बसला की दारिद्र्य हटवायचं कसं? देऊळच मोडेल की! देव पूजेला लागतो, म्हणून दरिद्री शिल्लक ठेवावा लागतो. त्याच्याच जोडीला विश्वस्ताची कल्पना : श्रीमंतानं आपली संपत्ती गरिबांच्या वतीनं सांभाळावी. म्हणजे तिजोरी शेटजीची, किल्ली शेटजीची, आणि भरवसा आमचा. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात या विचाराची पुरती चिरफाड केलीय. ती वाचल्यावर तरी आपल्या पोरांनी फाटका सदरा हा क्रांतीचा गणवेश समजणं सोडावं.

३

बाबासाहेबांचं पैशाबद्दलचं सगळ्यात जुनं लिखाण बहुतेकांनी वाचलेलं नाही. त्याची पार्श्वभूमी आधी सांगतो.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परत आले आणि बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. शिपाई लांबून फायली फेकत होते. राहायला जागा मिळेना म्हणून पारशाच्या खाणावळीत रोजचं भाडं ठरवून राहिले. जात कळली तेव्हा काठ्या घेतलेला घोळका दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. लक्षात घ्या, भाडं थकलं नव्हतं. पैसा होता, पदवी होती, हुद्दा होता. तरी छप्पर मिळालं नाही.

दुसरा कुणी असता तर पैशावरनंच मन उडालं असतं. बाबासाहेबांनी काय केलं? १९१८ मध्ये भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात बर्ट्रांड रसेलच्या एका पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. रसेल मोठा माणूस, युद्धाला विरोध करणारा. पण त्याचं म्हणणं होतं की पैशाच्या प्रेमानं माणूस खुरटतो, सगळे एका साच्यातले होतात. विशी अजून न संपलेल्या बाबासाहेबांनी त्याला तिथंच अडवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पैशाचं प्रेम हे कशासाठी तरी असतं. कुणाला पुस्तकं हवीत, कुणाला दारू, कुणाला लेकीचं शिक्षण. तो हेतू बघा, नुसत्या पैशाकडे बोट दाखवू नका. दुसरं, जुन्या नीतिवाद्यांनी पैशाला शिव्या का दिल्या? कारण त्या काळी सगळं जगच टंचाईत होतं. कितीही राबलं तरी हाती काही येत नव्हतं. जे मिळत नाही ते वाईटच, अशी मनाची समजूत घातली गेली. आणि तिसरं, खोट मालमत्तेत नाही, तिच्या विषम वाटणीत आहे.

परीक्षण कसं लिहावं याचा हा धडा आहे. लेखक मोठा आहे म्हणून मान तुकवली नाही, आणि तो गोरा आहे म्हणून शिवीही दिली नाही. मुद्दा धरला आणि सोलला. बडोद्याच्या त्या खाणावळीनंतर वर्षभरातच एक माणूस लिहितो की पैसा वाईट नाही, वाटणी वाईट आहे. यामागं किती थंड डोकं लागलं असेल!

पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पैसा आला की सगळं सुटलं, असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी समाजवाद्यांना विचारलं, या देशात लक्षाधीश फकिरा-साधूपुढे का वाकतो? म्हणजे सत्ता नुसत्या मालमत्तेत नाही, धर्मातही आहे. दोन्ही कुलपं आहेत, दोन्हींच्या किल्ल्या लागतील.

४

बुद्धाकडे जायचं ते यासाठी. आपल्या बऱ्याच विहारांत बुद्ध सांगतात तो राजवाडा सोडून गेलेला. तृष्णा हे दुःखाचं मूळ, म्हणून इच्छा मारा. आधीच ज्याच्या इच्छा मालकानं, सावकारानं, दुष्काळानं मारल्यात, त्याला आणखी काय मारायला सांगता?

त्रिपिटक उघडून बघितलं तर दुसराच बुद्ध भेटतो. दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ येऊन सांगतो : भन्ते, आम्ही बायकापोरांत राहणारी माणसं, काशीचं चंदन लावणारी, सोनं-रुपं वापरणारी. आमच्या या जन्मीच्या भल्याचं काही सांगा. बुद्ध त्याला डोकं भादरून ये म्हणत नाही. चार गोष्टी सांगतो. आपल्या धंद्यात कसब आणि मेहनत. घाम गाळून मिळवलेल्याची राखण. चांगल्या माणसांची संगत. आणि जमेप्रमाणे खर्च, तराजू धरणाऱ्यासारखा. पैसा वाहून जायची चार भोकंही सांगतो : बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार, वाईट संगत.

राजगृहाच्या सिगालाला तर सरळ वाटणीच करून दिलीय. मिळकतीचे चार भाग करावेत. एक खायला-प्यायला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीला राखून. त्याच सुत्तात मालकानं कामगाराशी कसं वागावं हेही सांगितलंय : ताकद बघून काम द्यावं, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारात बघावं, चांगलंचुंगलं वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे मागणीपत्रक आहे. ताकद बघून काम आणि आजारात देखभाल, एवढी दोन कलमं तरी मी राबतो तिथं लागू झाली तर मी फाटकाबाहेर उभा राहून त्रिशरण म्हणेन.

अनाथपिंडिकाला बुद्ध गृहस्थाची चार सुखं सांगतो : आपल्याजवळ असण्याचं, ते भोगण्याचं, ऋण नसण्याचं, आणि निर्दोष जगण्याचं. यातलं निर्दोष जगण्याचं सुख सगळ्यांत मोठं, बाकीची तिन्ही त्याच्यापुढे अगदी थोडी. पण म्हणून ती तिन्ही पुसून टाकलेली नाहीत. आणि दुसऱ्या एका सुत्तात तो म्हणतो की संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून मागं लागणं, शेवटी बेडी. ही साखळी बुद्धानं कुठं बघितली मला माहीत नाही, मी ती आमच्या गल्लीत रोज बघतो. तेव्हा सावकार दारात यायचा, आता वसुलीचा पोऱ्या मोटारसायकलवर येतो आणि मोबाईलवरचं कर्ज पोत्यानं शिव्या देतं. साखळी तीच.

राजाला दिलेला सल्लाही तसाच रोखठोक आहे. कूटदंत सुत्तात चोऱ्या वाढल्यावर फाशी नको, यज्ञ तर नकोच. शेतकऱ्याला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला पगार द्या, असं सांगितलंय. आणि चक्कवत्ति सुत्तात राजानं निर्धनांना धन दिलं नाही, म्हणून दारिद्र्य वाढलं, त्यातून चोरी, त्यातून शस्त्र, त्यातून खून, असा उतार दाखवलाय. पाप पूर्वजन्मातून आलं नाही, रिकाम्या हातातून आलं. हा धम्म गरिबीची आरती म्हणत नाही.

भिक्खूला मात्र नियम वेगळा. तीन चीवरं, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचं फडकं, एवढीच त्याची मालमत्ता. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात हा नियम दाखवून म्हटलं की बुद्धानं संघापुरता साम्यवाद जुलमाशिवाय आणला. तिथं त्याग स्वखुशीचा आहे, आणि तो करणाऱ्याला संघ पोसतो. आपण काय करतो? कार्यकर्त्याला भिक्खूसारखा त्याग सांगतो, आणि त्याचं घर पोसायला संघ नाही. मग तो दोन-चार वर्षांत मोडतो आणि कुणा पुढाऱ्याच्या पाकिटाला मिंधा होतो. दोष त्याच्या निष्ठेचा कमी, आपल्या हिशेबाचा जास्त.

५

आता दुसरी धार. नाहीतर कुणी म्हणेल, याला फक्त पैसे पाहिजेत.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला बाबासाहेब बोलले. मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तेव्हाची हकीकत त्यांनी सांगितली. केसरीत कुणीतरी पत्र छापून हिशेब मांडला होता की कातडं, शिंगं, हाडं यांचे वर्षाला पाचशे रुपये मिळतात, महार लोक पुढाऱ्याच्या नादानं त्यावर पाणी सोडताहेत. बाबासाहेबांनी उलट विचारलं, एवढा फायदा आहे तर तुम्हीच का ओढत नाही? मी वर पाचशे रुपये देतो! आणि मग लोकांना समजावलं की माणसाला अब्रू प्यारी, लाभ त्याच्या मागाहून.

१९५० चा लेख आणि १९५६ चं हे भाषण शेजारी ठेवा. एकात गरिबी पवित्र नाही. दुसऱ्यात फायदा सर्वस्व नाही. यात विरोध नाही. पैसा हवा तो ताठ मानेनं जगायला. मान विकून मिळणारा पैसा ज्या कामाला हवा होता, तेच काम बुडवतो.

हे साहित्यात कुणी दाखवलं असेल तर अण्णा भाऊ साठ्यांनी. 'स्मशानातील सोनं' परत काढून वाचा. वारणेकाठचा भीमा, पहाडासारखा गडी. मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. फिरता फिरता मढ्याच्या राखेत सोनं सापडतं, आणि तो राख चाळू लागतो, पुढं मढी उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजतो, मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि गमवावी लागतात. आणि तेव्हाच बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली.

शाळेत ही कथा हावेचं फळ म्हणून शिकवतात. मला ते पटत नाही. अण्णा भाऊंनी भीमाला हावरा रंगवलेलाच नाही. घरात लेक आहे, काम गेलंय, दिवसा हाताला दगड मिळत नाही म्हणून रात्री मढं. जिवंत माणसाच्या श्रमाला किंमत नाही आणि मढ्याच्या तोंडात सोनं आहे, अशी ही व्यवस्था, हे अण्णा भाऊ दाखवतात. शेवटचा घाव सोन्यावर नाही, बोटांवर आहे. बोटं हेच भीमाचं भांडवल. सोनं मिळवताना ते गेलं. धन कशाच्या बदल्यात आलं हे मोजायचा याहून सच्चा काटा मराठी कथेत मला दिसला नाही.

आणि अण्णा भाऊंबद्दल एक. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांनी एवढं लिहिलं, हे भाषणात कौतुकानं सांगतात. कौतुक कसलं? १९६९ साली ते गेले ते हलाखीत. 'फकिरा' १९५९ मध्ये आलेली, गाजलेली. त्यांची झोपडी हा मराठी प्रकाशन-व्यवहारावरचा आरोप आहे, त्याला तोरण बांधू नका.

६

आता आपल्याच कवितांकडे. आपल्या अंकांतल्या कविता मी चाळल्या. पैसा त्यात तीन रूपांत येतो : सावकाराची थैली, वेश्येच्या अंगावर फेकलेली नोट, आणि रक्तानं माखलेलं नाणं. हे खरं आहे, नाही म्हणत नाही. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा हे लिहायला छाती लागत होती. आता ती वहिवाट झाली. मूळ आग एकाची, बाकीचे शेकोटीला बसलेले.

मग काय लिहिलं गेलं नाही? पहिल्या पगाराचं पाकीट आईच्या हातात देताना तिनं ते मोजलं नाही, नुसतं कपाळाला लावलं, यावर कविता नाही. बायांच्या भिशीत कुणाचा नंबर आधी लावायचा यावरून होणारं भांडण आणि त्यातली माया, यावर नाही. फंडाचे पैसे काढून पोरीला नर्सिंगला घालणाऱ्या बापावर नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या संपावर घोषणा पुष्कळ, पण अडीच लाख घरांतली मंगळसूत्रं कुठल्या दुकानात गेली आणि किती सुटली, याची कविता थोडी. 'बलुतं' १९७८ मध्ये आलं ते एवढं झोंबलं, कारण त्यात देण्याघेण्याचा हिशेब नावानिशी होता. आपण हिशेब सोडला आणि हंबरडा धरला. हंबरड्याला पांढरपेशा वाचक टाळ्या देतो. हिशेबाला देत नाही, कारण त्यात त्याचं नाव निघतं.

चळवळीत तेच. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले, ही गोष्ट झाकून ठेवली नाही. त्याची जाहिरात पैसे देऊ म्हटलं तरी केसरीनं घेतली नाही. आमचा पैसासुद्धा बाटका. म्हणून स्वतःचं पत्र, स्वतःचा छापखाना, १९४५ मध्ये स्वतःची शिक्षणसंस्था. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांनी समाजाकडे उघड पैसे मागितले, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९५६ च्या त्याच नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या म्हणाले. विसावा हिस्सा. शंभरातले पाच. आकडा सांगितला, भावनेवर सोडलं नाही.

आपण चौदा एप्रिलला काय करतो? गल्लीत फिरून वर्गणी, अर्धी पावतीविना, आणि सगळी एका रात्रीच्या भिंतीएवढ्या आवाजावर. वाजवू नका म्हणत नाही. ज्यांच्या बापाला वरात काढू दिली नाही त्यांनी वाजवावं. पण वाजवून उरेल असं काहीतरी हवं की नको? आणि लग्नासाठी टक्क्यानं पैसे काढून तुपाची पंगत घालणाऱ्या भावाला मला चकवाऱ्याचीच आठवण द्यायचीय. ते तूप स्वतःच्या कमाईचं होतं म्हणून त्यात बंड होतं. कर्जाच्या तुपात सावकाराचा हात असतो.

७

काय करायचं ते थोडक्यात सांगतो, पुढच्या बैठकीत यावर भांडा.

प्रत्येक मंडळाचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लागला पाहिजे, दर महिन्याला, खडूनं, सगळ्यांना वाचता येईल असा. ज्याला हिशेब मागितल्यावर राग येतो त्याच्या हाती पेटी नको, मग तो कितीही चांगला बोलत असो. पूर्णवेळ काम करणाऱ्याच्या घरी धान्य पोचतं की नाही, हा बैठकीतला पहिला विषय हवा. विसावा हिस्सा ज्याला जमेल त्यानं द्यावा, पण पावती घेऊन. कर्ज झालेल्यानं तोंड लपवू नये, सगळ्यांसमोर सांगावं. चार जणांनी बसून त्याचं व्याज मोजलं तरी निम्मी भीती जाते. घर बांधणाऱ्या भावाला बाटला म्हणू नये. त्यानं दार कुणाला उघडं ठेवलंय ते बघावं आणि मग बोलावं. आणि या अंकाची किंमत द्यावी. फुकट वाचणं ही काही बांधिलकी नव्हे. कागद, शाई, टपाल हे निष्ठेवर मिळत नाही.

कवींना एवढंच की पगारपत्रक, भिशीची वही, गहाणाची पावती, फंडाचा अर्ज, हे सगळं आपलं वाङ्मय आहे. ज्यांना साठा करायची बंदी होती त्यांच्या घरात पहिल्यांदा कुलूप आलं. ते कुलूप कसं लागलं, कुणी लावलं, आत काय ठेवलं, हे लिहा.

जय भीम.